छतावरून जाणारी बाई

आमच्याकडे राहायला आलेल्या पहिल्या चित्रकार बाईंच्या सामानात एकही रंगाची डबी नव्हती. होते ते काळ्या कापडाचे तागे. टेम्पोतून ते एकेक उतरवताना माळीकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, ह्या चित्रं काढणार आहेत की छत्र्या शिवणार आहेत?"

मी हसू दाबलं, कारण माझी नणंद शेजारीच उभी होती आणि हे सगळं खूळ तिच्याच डोक्यातून निघालेलं होतं.

नणंद आधी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात काम करायची. दिवसभर काउंटरमागे उभं राहून हसत बसायचं काम. त्याला कंटाळून ती घरी परत आली आणि तिने तिच्या दादाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मागे टुमणं लावलं की आपल्या शेतावर पाहुणे ठेवू या. पण हॉटेलसारखे नाही. मग ह्यांनी मातीच्या जाड भिंतींच्या खोल्या बांधल्या, छतावर सौरपट्ट्या बसवल्या, न्हाणीघरांचं पाणी खडी-वाळूतून गाळून फळझाडांना नेलं. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर आमचा गॅस चालतो. टीव्ही नाही, एसी नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत. मी म्हटलं होतं, कुत्रंही फिरकणार नाही इकडे. पण लोक आले, आणि परत परत आले.

तरी वर्षातले काही महिने खोल्या रिकाम्याच पडायच्या. त्या दिवसांत एखाद्या कलाकाराला बोलवायचं, महिना-दीड महिना राहू द्यायचं, त्याने इथे बसून जे सुचेल ते करायचं, असं नणंदेने ठरवलं.

"म्हणजे फुकट राहणार, फुकट जेवणार, आणि वर आपणच आभार मानायचे?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

तर अशा ह्या बाई. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, जाड भिंगाचा चष्मा. पहिले दोन दिवस त्या नुसत्याच आवारभर हिंडल्या. कुठे ऊन कधी पडतं, कुठली भिंत कुणाकडे तोंड करून आहे, हे बघत. मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन, शेंगांची टोपली पुढे ओढून सोलायला बसल्या आणि म्हणाल्या, "मला ती कोपऱ्यातली खोली द्याल का?"

नणंद खुशीत आली. कोपऱ्यातली खोली म्हणजे आमची सगळ्यात चांगली खोली. तिची खिडकी म्हणजे जवळजवळ अख्खी भिंतच. समोर उतार, उताराखाली तळं, तळ्यापलीकडे डोंगर. तो डोंगर पूर्वी बोडका होता, ह्यांनी एकट्याने खपून त्याच्यावर झाडं लावली. आमच्या प्रत्येक जाहिरातीत त्या खिडकीचा फोटो असतो.

"द्याल का काय, तुमचीच आहे," नणंद म्हणाली. "तिथून जे दिसतं ना, ते चितारायला तर..."

"त्या खिडकीला मी फळ्या ठोकणार आहे," बाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या. "आणि वरून काळं कापड. उजेडाचा एक कण आत यायला नको."

नणंदेच्या हातातला कप तसाच राहिला. बाई गेल्यावर आमची जी जुंपली, ती माळीकाकांनी बागेतून ऐकली.

"लोक त्या खिडकीसाठी येतात वहिनी! आणि ही बाई ती बुजवणार?"

"मला काय सांगतेस? मी आणलीय तिला?"

"आता नाही कसं म्हणू? तिला सांगितलंय, जे सुचेल ते करा."

"मग सुचलंय तिला. भोग आता."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. नणंदेचा एखादा बेत फसताना बघायला कुणाला आवडत नाही? पण त्या वर्षात आमच्या घरी हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून ते सुख मी जरा जास्तच चघळलं असेन.

कारण हे पडले होते. सौरपट्ट्या धुवायला छतावर चढले आणि पाय घसरला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. दवाखान्यातून आणल्यावर आम्ही त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कारण ती स्वयंपाकघराला लागून आहे. त्या खोलीचं जोतं उंच, आणि तिची खिडकी खालच्या मागच्या अंगणावर उघडते, जिथे मी धुणं वाळत घालते. उघडायची, असं म्हणायला हवं. पहिल्याच दिवशी ह्यांनी सांगितलं, खिडकी लावून घे. पाहुणे तिकडून येतात-जातात, त्यांनी मला असं पडलेलं बघायला नको. लाकडी दारं घट्ट लावली ती लावलीच. चाकाची खुर्ची आणली, तीही तशीच कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर मी घडी घातलेले कपडे ठेवत असे.

जो माणूस उन्हातान्हात राबल्याशिवाय जेवायचा नाही, तो आता अंधारात छताकडे बघत पडून असायचा. बोलणं आटलं. हो, नाही, बरं, नको. एवढंच. कधी कधी मात्र मधेच काहीतरी भलतंच विचारायचे.

"आज पांढरं काही वाळत घातलंयस का?"

"हो, चादरी. का?"

"काही नाही."

मला वाटायचं, विषय काढायचा म्हणून काढतात बिचारे. मी दिवा लावायची, त्यांना उठवून टेकवून बसवायची, जेवू घालायची, आणि दिवा बंद कर म्हणाले की बंद करून बाहेर यायची. त्यांना अंधारच आवडायला लागलाय अशी मी मनाची समजूत घातली होती.

इकडे बाईंचं काम सुरू झालं. फळ्या ठोकल्या, त्यांवर कापड ताणलं. पण मातीच्या भिंती त्या, फळी आणि भिंत यांच्यामधून उजेड झिरपायचाच. शेवटी मीच माती कालवली, तिच्यात भुसा मळला आणि लिंपायला घेतलं. बाई आत अंधारात उभ्या राहून सांगायच्या, "वहिनी, उजव्या कोपऱ्यात अजून एक सुई आहे." उजेडाच्या बारीक तिरिपीला त्या सुई म्हणायच्या. मी अंगठ्याने माती दाबायची. "गेली?" "गेली. आता तुमच्या डोक्यावर एक." असं करत करत आम्ही दोघींनी ती खोली बुजवली. मी त्यांचं नाव काळोखबाई ठेवलं होतं. ते एकदा माझ्या तोंडून त्यांच्यासमोरच निसटलं. मी जीभ चावली, पण त्या इतक्या खूश झाल्या की काय सांगू. म्हणाल्या, "एवढं बरोबर नाव मला आजवर कुणी दिलं नव्हतं."

एका सकाळी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. छान कडक ऊन पडलं होतं. आत गेलो, त्यांनी दार लावलं, दारावर कापड सोडलं. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार. मग फळीवर ठोकलेल्या एका पत्र्यावरचं झाकण त्यांनी सरकवलेलं ऐकू आलं. पत्र्याला नाण्याएवढं भोक होतं आणि त्याच्यात चष्म्याची एक काच बसवलेली होती, हे मला नंतर कळलं.

"आता थांबा," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना वेळ द्या."

थांबले. काही दिसेना. मला शेगडीवरची डाळ आठवत होती. ती उतू गेली असेल, गॅस विझला असेल, आणि मी इथे अंधारात तीन बायकांमधली एक म्हणून उभी आहे, कशासाठी तर कलेसाठी. बाहेर पडायला कारण शोधत होते, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर ओल आल्यासारखं काहीतरी दिसलं. आधी वाटलं, माझंच लिंपणाचं पाणी झिरपलं असेल. मग ती ओल खालच्या बाजूला निळी व्हायला लागली. वर हिरवी. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी काय बघते आहे, आणि माझा हात आपोआप नणंदेच्या दंडाकडे गेला.

आमचा उतार छताला चिकटलेला होता. त्याच्याखाली तळं. तळ्याखाली अख्खा डोंगर लोंबकळत होता, झाडांचे शेंडे खाली करून. आणि सगळ्याच्या खाली, जमिनीला टेकून, आमच्या पावलांशी, आभाळ. त्याच्यात ढग होते आणि ते सरकत होते. मी नकळत पाय मागे घेतले.

चित्र नव्हतं ते. पानं हलत होती. तळ्यावर वाऱ्याची शिरशिरी उठली ती दिसली. एक पक्षी भिंतीच्या पार तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, उडत गेला. आणि आवाज कसलाच नाही. सगळं जग कुणीतरी धुऊन, उलटं करून, निथळायला टांगून ठेवलं होतं.

"हा व्हिडिओ आहे का?" नणंदेने विचारलं. तिचा आवाज मला अनोळखी वाटला.

"नाही. आत्ता बाहेर जे चाललंय तेच आहे. त्या भोकातून उजेड आत येतो आणि येताना बाहेरचं सगळं बरोबर घेऊन येतो. वरून येणारा खाली जातो, खालून येणारा वर. म्हणून उलटं. मी काही केलेलं नाही वहिनी, मी फक्त बाकीचा उजेड अडवला. तोही अर्धा तुम्हीच अडवलात."

माळीकाका दिसले. पाय वर, डोकं खाली, खांद्यावर पाण्याची नळी. बोटभर माळीकाका. ते थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी बघत नाही अशा खात्रीने त्यांनी झाडाचं एक फळ तोडून खिशात घातलं. आम्ही दोघी फुटलोच. मग नणंद धावत बाहेर गेली, आणि पाहते तो काय, तीही भिंतीवर आली, उलटी, दोन्ही हात हलवत, लहान मुलीसारखी उड्या मारत. उडी मारली की ती खाली जायची.

मी हसत होते आणि मला खाली बसावंसं वाटत होतं. त्या तळ्याकडे मी रोज बघते. पण बघताना डोक्यात असतं की पंप लावायचा राहिला, काठावरचं गवत काढायचं राहिलं. इथे करण्यासारखं काही नव्हतं. हात लावायला गेलं तर हातावरच तळं यायचं. मी लावून बघितला. माझ्या तळहातावर पाणी हलत होतं आणि हात कोरडा होता.

डाळ करपली होती. मी नवी टाकली, आणि ताट घेऊन ह्यांच्या खोलीत गेले. मला कुणालातरी सांगायचंच होतं, आणि ऐकून घ्यायला ते होते, हूं हूं करायला का होईना.

"अहो, त्या काळोखबाईंनी काय केलंय माहितीये? भिंतीवर सगळं बाहेरचं दिसतं. डोंगर, तळं, माणसं. आणि सगळं उलटं!"

त्यांचा घास हातातच राहिला.

"उलटं म्हणजे?"

"उलटं म्हणजे उलटं. डोकी खाली, पाय वर."

"माणसं चालतात?"

"चालतात म्हणजे! माळीकाका चालत होते की."

"इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे गेल्यासारखी दिसतात?"

मी विचार केला. "हो. पण तुम्हाला कसं..."

"रंग दिसतात? पुसट?"

ते कोपरावर रेटून उठायला बघत होते. मी घाबरले. ताट बाजूला ठेवलं. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि वर्षभरात त्या हातात मला एवढा जोर जाणवला नव्हता.

"काल दुपारच्या आधी तू निळी चादर वाळत घातलीस."

"हो. मग?"

"मी ती बघितली."

"कुठून?"

त्यांनी बोट वर केलं, जिथे समोरची भिंत छताला मिळते तिकडे.

"इथून. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय," ते म्हणाले. "पडल्यावर डोक्याला मार लागला होता ना. दवाखान्यातून आणलंत त्यानंतर आठवडाभरातच हे सुरू झालं. सकाळी ऊन वर आलं की छताच्या कडेने सावल्या चालायला लागतात. उलट्या. आधी भीती वाटली. मग म्हटलं, पाय गेले ते गेले, आता हेही चाललं. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा गाडी काढून डॉक्टरांकडे नेलं असतंस. तुझ्या मागे काय कमी कामं आहेत?"

"वर्षभर?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. "वर्षभर तुम्ही हे मनात ठेवून पडून होतात?"

"तू आत आलीस आणि दिवा लावलास की ते जायचं. मग तर खात्रीच पटायची की आपल्याच डोक्यात आहे."

मी तशीच उठले आणि बाईंना हाका मारत धावले. मी सांगितलेलं ऐकून बाई लगेच आल्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. दार लावून घेतलं, दिवा बंद केला, आणि त्या चक्क ह्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर उताण्या आडव्या झाल्या. छताकडे बघत राहिल्या. मग खालून त्यांचा आवाज आला. "अरे देवा."

पलंगाची उशाकडची बाजू खिडकीखाली आहे, त्यामुळे ह्यांना वळून खिडकी बघता येत नसे. बाईंनी उठून ती चाचपली. खिडकीच्या दाराच्या लाकडातली एक गाठ सुकून गळून पडली होती. वाटाण्याएवढं भोक. कुणी पाडलेलं नव्हतं. खिडकी बंद होती, खोलीत अंधार होता, बाहेर ऊन होतं. एवढं पुरलं होतं.

"मी ज्यासाठी देशोदेशी खिडक्या बुजवत फिरते," बाई म्हणाल्या, "ते इथे आपलं आपण होऊन बसलंय. आणि तुम्ही इथले सगळ्यात जुने बघणारे. माझ्याआधी इथे पोचलात." त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. "तुमचं डोकं ठणठणीत आहे, दादा. अगदी ठणठणीत."

ह्यांनी डोळ्यांवर पालथा हात ठेवला. ते रडत होते की हसत होते, अंधारात मला कळलं नाही. मीही काय करत होते ते त्यांना कळलं नसावं, ते बरंच झालं.

मग बाईंनी मला पलंगावर, ह्यांच्या शेजारी, आडवं व्हायला लावलं आणि नणंदेला अंगणातून चालायला पाठवलं. डोळे सरावायला वेळ लागला. कोपऱ्यातल्या खोलीसारखं लख्ख नव्हतं ते. धुरकट, पाण्याखालून बघितल्यासारखं. पण मग एक उभा रंग छताच्या कडेने सरकायला लागला, आणि त्याला चाल होती.

"ही ती नाही," हे म्हणाले.

"ती कोण?"

"ही भराभर चालते. एक दुसरी आहे. रोज येते. हातात जड काहीतरी असतं तिच्या, त्यामुळे जराशी कलून चालते. मधे येऊन थांबते. कमरेवर हात ठेवते, आणि बराच वेळ हलतच नाही. मग हात वर करून काहीतरी पसरते."

धुण्याची बादली घेऊन मी रोज त्या अंगणात येते. दोरीशी पोचायच्या आधी मधे थांबते आणि ह्यांच्या बंद खिडकीकडे बघते. रोज. का ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"मला वाटायचं तू असशील," ते म्हणाले. "पण तू असशील असं वाटणंही त्याच वेडातलं असेल, असंही वाटायचं. ढग आले की ती यायची नाही. मग दिवस फुकट जायचा. ऊन असलं की मी वाट बघायचो."

"आणि मी आत आले की माझ्याशी हूं हूं करायचात."

"तिच्याशी तरी कुठे बोलत होतो?"

मला हसूच आलं. पलंगावर आम्ही दोघं शेजारी शेजारी, दुपारच्या वेळी, पाहुणे जेवणाची वाट बघतायत, आणि मी छताकडे बघत हसते आहे. नणंद बाहेरून ओरडत होती, "दिसतेय का मी? अजून किती चालू?" आम्ही तिला आणखी दोन चकरा मारायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलायला सांगितले. कोपऱ्यातली खोली बघायची म्हणाले. मी आणि नणंदेने एकमेकींकडे बघितलं. पुढच्या अंगणातून जावं लागणार होतं, आणि तिथे एक मोठं कुटुंब न्याहारी करत बसलेलं होतं.

"पाहुणे आहेत दादा," नणंद दबक्या आवाजात म्हणाली. "दुपारी जाऊ या का?"

"दुपारी ऊन फिरतं," ते म्हणाले. "बघू देत."

खुर्ची ढकलत मी त्यांना नेलं. पाहुण्यांनी बघितलं, नमस्कार केला, आणि परत आपल्या ताटात डोकं घातलं. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही वर्षभर खिडकी बंद ठेवली होती. खोलीचा उंबरा उंच, तिथे खुर्ची अडली, तेव्हा त्यांच्यातलाच एक गृहस्थ हात पुसत उठला आणि माळीकाकांबरोबर त्याने खुर्ची उचलून आत ठेवली.

दार लागलं. बाईंनी झाकण सरकवलं. आम्ही थांबलो. भिंत हळूहळू भरत गेली.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो डोंगर त्यांनी खड्डा खणून, रोप लावून, कावडीने पाणी घालून हिरवा केलेला. लावताना ते नेहमी त्याच्या अंगावर असायचे, ओणवे. आणि पडल्यापासून त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"झाडं एवढी झाली?" ते शेवटी म्हणाले. जणू कुणीतरी दुसऱ्यानेच लावली होती. "ती सगळी? एवढी? अगं, आभाळात उतरलीयत बघ."

खरंच, शेंडे खालच्या निळ्यात बुडाले होते आणि हलत होते. कुणी मला विचारलं की तुझ्या आयुष्यात मोठं असं काय पाहिलंस, तर मी त्या दिवशीची ती भिंत सांगेन. भिंतीपेक्षाही तिचा उजेड पडलेलं ह्यांचं तोंड सांगेन. त्यावर पानं हलत होती.

बाई त्यानंतर आणखी बरेच दिवस राहिल्या. पाहुण्यांना खोली दाखवायचं ठरलं तेव्हा त्यांनी ते काम ह्यांच्यावरच सोपवलं. "मला लोकांशी बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. ते खोटं होतं, पण कुणी काही म्हटलं नाही. हे आधीच आत जाऊन बसायचे. माणसं अंधारात चाचपडत यायची आणि त्यांना आधी फक्त एक आवाज भेटायचा. "या. हात धरा एकमेकांचे. काही दिसणार नाही, घाबरू नका. डोळ्यांना वेळ द्या." मी बाहेरून ऐकायची आणि मला वाटायचं, हा आवाज मी लग्नात ऐकला होता. वर्षभर हूं हूं करणारा माणूस झाडांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. लोक बाहेर आल्यावर उजेडात त्यांना चाकाची खुर्ची दिसायची, पण तोवर ते ह्यांचे झालेले असायचे.

जाताना बाईंनी ती काच तिथेच ठेवली. नणंद म्हणाली की कोरड्या, उन्हाच्या महिन्यांत कोपऱ्यातली खोली तशीच अंधारी राहू दे, इतर वेळी फळ्या काढू. तिचा जाहिरातीतला फोटो गेला, पण आता लोक फोन करून विचारतात, ती खिडकी बंद केलेली खोली कधी बघायला मिळेल? ह्यांच्या मागच्या खोलीची खिडकी सकाळी आम्ही अजूनही बंदच ठेवतो. दुपारी उघडतो. सकाळी मी बादली घेऊन अंगणाच्या मधे थांबते तेव्हा हात हलवते. त्यांना तो उलटा दिसतो.

पुढच्या वर्षी दुसरा कलाकार आला. लाकडं तासणारा, अखंड बडबड्या, माझ्या भाजीत मीठ जास्त झालं की सांगणारा. त्याचंही काहीतरी होईल. पण मला सांगायचंय ते त्याच्या येण्याआधीच्या शेवटच्या एका सकाळचं.

खोलीत बरीच माणसं होती. गावातली, पाहुणे, काही पहिल्यांदाच आलेली. मीही दाराशी उभी होते. भिंतीवर डोंगर नुकताच जमत आला होता आणि एकदम तो विझायला लागला. ढग आला असणार. हिरवं गेलं, निळं गेलं, तळं गेलं. कुट्ट अंधार. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी म्हणालं, "संपलं का?" आणि दाराकडे पावलं वळलेली ऐकू आली.

"थांबा ना," हे म्हणाले. "डोंगर गेला नाही. आहे तिथेच आहे. आपल्याला दिसत नाही इतकंच."

आणि ते सांगत राहिले. वर छताशी उतार आहे, त्याच्याखाली तळं, तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक वाकलेलं झाड, त्याच्याखाली डोंगराचा पायथा. पहिलं रोप तिथे लावलं, ते जळालं, दुसरं लावलं. कुणी हललं नाही. त्या अंधारात त्यांच्या बोलण्याने माझ्या डोळ्यांपुढे सगळा डोंगर उभा राहिला, सुलटा. किती वेळ गेला कोण जाणे. मग खाली, जमिनीलगत, अगदी कडेला, पहाटेसारखं काहीतरी फटफटलं. आभाळ येत होतं. मग एकेक शेंडा. खोलीतल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. आणि ह्यांनी बोलणं थांबवलं, कारण आता बोलायची गरज नव्हती.